शेवट तेवढा रचलेला

शेलूबाजारात त्रिशलाचं कापडाचं दुकान आहे. म्हणजे दुकान सासूचं, अंगुरीबाईंचं. गादीवर बसते त्रिशला. नवरा माल आणायला सुरतेकडं फिरत असतो. ही बाई कथा लिहिते हे बाजारात तिघा-चौघांनाच ठाऊक होतं, त्यातली एक मी. मी मोर्चे काढणारी, शाळा सातवीत सुटलेली. पण लिहिणारा कुठं खोटं बोलला ते मला झटक्यात कळतं, म्हणून ती मला वाचायला द्यायची.

लिहायची कशावर? साडीच्या घडीत पुठ्ठा येतो, त्याच्या पांढऱ्या बाजूवर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चार ओळी, कुणी आलं की पुठ्ठा परत साडीत. एकदा एक अख्खी कथा साडीसकट विकली गेली. मी चिडले, तर ही हसते. "जाऊ द्या ताई, तेवढी तरी खपली म्हणायची!"

तिचं म्हणणं, बाईला तोंडावर विचारलं तर ती काही सांगत नाही. तिच्यापुढं दहा साड्या टाकायच्या आणि गप्प राहायचं. "हिचा रंग नको, नणंद नावं ठेवते. ही नको, यांना नाही चालत. नको-नको म्हणता म्हणता बाई सगळं घर सांगून जाते. मी नुसत्या घड्या घालते."

"लोक ओळखतील की," मी म्हटलं होतं.

"नाव बदलते, गाव बदलते, जात बदलते. कापड नाही बदलता येत, ताई. कापड खोटं लिहिलं की माझं पुढचं वाक्यच येत नाही."

इथंच ती फसली.

वैजयंती नावाची एक बाई बाजाराच्या दिवशी तिच्याकडं यायची. गाव जीपनं अर्ध्या तासावर. नवरा वारलेला, घर थोरल्या दिराच्या, बबनरावच्या, हातात. घरात तिनं पांढरट, राखाडीच नेसायचं. तिनं त्रिशलाकडून एक साडी घेतली होती. अंग डाळिंबी, काठ पोपटी. सुरतेच्या गठ्ठ्यात चुकून आलेला एकच नग. दोन दिवाळ्या दाराशी टांगलेला होता, येणारी जाणारी प्रत्येक बाई त्याला हसून गेली होती. वैजयंतीला तोच आवडला. घरी न्यायची सोय नाही, म्हणून साडी दुकानातच राहायची. मागच्या माल ठेवायच्या खोलीत ती नेसायची, पंख्याखाली बसून चहा प्यायची, परत आपलं राखाडी गुंडाळून जीपला निघायची.

त्रिशलानं त्याची कथा केली. नाव दुसरं, गाव दुसरं. आणि शेवटी त्या बाईला ती साडी सोडूच दिली नाही; तशीच पुण्याच्या गाडीत बसवून दिली. मी वाचलं तेव्हा म्हटलं, पोरी, जिंकलीस. अकोल्याच्या एका दिवाळी अंकानं कथा छापली. बाजारात अंक कोण घेतो? पण कुणीतरी शहाण्यानं पानांचे फोटो काढले, आणि ते गावोगावच्या ग्रुपवर फिरले. डाळिंबी अंग, पोपटी काठ. साडी कुठल्या दाराची ते हसून गेलेल्या बायकांनी ओळखलं, आणि तिथं राखाडीत येणारी बाई कोण तेही. दोन दिवसांत बबनरावच्या मोबाइलवर.

त्यानंतरच्या बाजाराला वैजयंती आली नाही. पुढच्यालाही नाही. अंगुरीबाई भर दुकानात सगळ्यांदेखत बोलल्या, "बहू, अपने को कपडा बेचना है, गिऱ्हाईक नहीं!"

त्रिशला माझ्याकडं आली. डोळे सुजलेले. "ताई, मला दुसरं काही नको. फक्त बबनरावांना एवढं पटवून द्या, की पळून जाणं मी रचलं. वैजयंतीताई तसं कधीच बोलल्या नव्हत्या. ताईंना बाजाराला येऊ द्या म्हणावं."

मी म्हटलं, चल. साहेब लोक माझ्या आवाजाला दचकतात, बबनराव कोण लागून गेला!

बबनराव ओट्यावर बसला होता. पाणी दिलं, खुर्च्या दिल्या. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"भाऊ, ती कथा आहे," मी म्हटलं. "मनानं लिहिलेली."

"साडी मनातली हाये काय?"

त्रिशला म्हणाली, "नाही. साडी खरी आहे."

"खोलीत जाऊन नेसे, तेबी खरं?"

"खरं."

"चहा?"

"तोही."

"मंग पळून जानंच तेवढं खोटं कसं, बाई? तीन गोष्टी खऱ्या लिवल्या अन् चौथी हवेतून आनली? मले अडानी समजून राह्यल्या काय तुमी?"

"तिच्या नावचे तीन एकर आहेत, त्याची भीती आहे तुम्हाला!" मी उठलेच. "इज्जतीचं नाव सांगू नका!"

"असंन," तो शांतपणे म्हणाला. "पन ते या बाईनं नाई लिवलं. हिनं लिवलं ते मी वाचलं."



वैजयंती दारात येऊन उभी होती, केव्हापासून कोण जाणे. त्रिशला तिच्याकडं वळली, हात जोडले. "ताई, तुम्हीच सांगा यांना. तुम्ही कधी बोललात का, जाईन म्हणून?"

"नाई बोलली," वैजयंती म्हणाली. "सुचलंच नोतं. माहं तं तेवढ्या चहावर भागून राह्यलं होतं." मग बबनरावसमोरच, "शेवटचं पान म्या लई खेपा वाचलं, त्रिशला. आता सुचते. दिवसभर तेच सुचते. काहून लिवलं वो?"

बबनराव आमच्याकडं बघून हात पसरून बसला. ऐका, म्हणाला.

जीपमध्ये मी बडबडत होते: अर्ज करू, बायका घेऊन येऊ, दार उघडायला लावू. पुढं बायका घेऊन गेलेही. वैजयंती म्हणाली, मी माझ्या मर्जीनं घरात आहे, आणि आत गेली. मर्जी! पण ती तसं म्हणाल्यावर कुणाच्या बापाला काही करता येत नाही.

दुकानात आता बायका बोलत नाहीत. बोटानं दाखवतात, भाव विचारतात, उठतात. पंखा तेवढा आवाज करतो. मी त्रिशलाशी भांडले. म्हटलं, साडीचा रंग बदलून लिही, पण लिही. तिनं लिहून पाहिलं, मला दाखवलं. निळ्या साडीतली एक बाई होती, उभी राहायची, बसायची, आणि मेलेली होती. तिलाही ते कळत होतं.

परवा मी दुकानात बसले असताना अकोल्याहून फोन आला. संपादक. आवाज मोठा, मलाही ऐकू येत होता. "ताई, यंदा कथा हवीच. गेल्या वर्षीचा तुमचा शेवट, काय सांगू, वाचकांची पत्रं अजून येताहेत. बायका लिहितात, आम्हाला बळ आलं."

त्रिशला ऐकत राहिली. म्हणाली, "नाही जमणार, सर." तो का विचारत होता, तेवढ्यात बाहेरगावची एक नवखी बाई पायरी चढून आली. त्रिशलानं फोन ठेवला आणि तिच्यापुढं साड्या टाकू लागली. त्या बाईनं एक उचलली, नाक मुरडलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"किंमत सांगू का?" त्रिशला घाईनं म्हणाली.