पाठीमागचा मामा

बोरीत लग्नाचे फोटो काढून पोट भरणारा मी माणूस. लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरचा जुना कॅमेरा विकून मोठ्या सेन्सरचा, फुल फ्रेम घेतला तो नवऱ्या मुलींच्या पायी. सगळ्यांना एकच पाहिजे, आपण लख्ख आणि मागचं सगळं धूसर. जुन्या कॅमेऱ्यात मागचा आचारीसुद्धा ओळखू यायचा. नव्यावर तीच लेन्स लावली तर चौकटीत जास्त मावायला लागलं, म्हणून मी पुढं सरकून काढू लागलो. जितकं पुढं जावं तितकं मागचं विरघळायचं. लोक खूश, आणि मी तर हवेतच.

नव्या कॅमेऱ्याचं पहिलंच लग्न ताडकळसकडचं, मेंढरं राखणाऱ्या घरातलं. नवरी म्हणाली, "दादा, मागचं कायबी दिसू देऊ नका. मंडप लय साधा हाय." म्हटलं, काळजीच सोडा.

आता आपल्यात अक्षता पडेपर्यंत मामा नवरीच्या पाठीशी उभा राहतो. हिला तर बाप गेल्यापासून मामानंच वाढवलेलं. पिवळा पटका बांधून, तिच्या खांद्यावर हात ठेवून तो उभा होता. नंतर स्टेजवर काही चढला नाही, पंगतीत वाढत राहिला.

दिवाळीनंतर ती नवरी माझ्या फोटोच्या दुकानात आली. मामा अचानक गेला होता, दहाव्याला हार घालायला फोटो पाहिजे होता. मोबाईल समोर धरला की मामा तोंड फिरवायचा. "आन् आधार कार्डावरला दुसराच कोणी वाटायलाय," ती म्हणाली.

मी एकेक फोटो मोठा करून बघितला. तिच्या पापणीचा केस न् केस दिसत होता, आणि मागं मामाच्या जागी पिवळा डाग. नाक नाही, डोळे नाहीत. त्या कॅमेऱ्याची मला शिसारी आली.

"चूक माझी हाय, ताई."

"सांगितलं तर मीच व्हतं." तिनं त्या पिवळ्या डागावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मला काढा यातून."

"तुमाला काढलं तर खांद्यावरला हात बी जाईल."

"जाऊ द्या."

मी तिला काढून फोटो छापला. उरलं ते तोंड कोणाचंही असू शकलं असतं. न राहवून मी विचारलं, "मामी काय म्हणतील हे बघून?"

फोटो पिशवीत घालत ती म्हणाली, "मामीला सांगन, तुलाच कमी दिसायलंय."