दत्तूगुरुजींचं पान

माझा भाऊ दत्तू जेवायचं काम करतो. हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना समजावत आले आहे आणि दर वेळी समोरचा आधी हसतो. हसू नका. पंचवटीत श्राद्धं होतात, आणि पितरांच्या नावाने वाढलेल्या पानावर कुणीतरी ब्राह्मण बसावा लागतो. तो जेवला की पितर जेवले. दत्तू तीस वर्षं त्या पानावर बसत आला. मंत्र त्याला सगळे येतात, पण आवाज फाटका, त्यामुळे पौरोहित्यात नाव झालं नाही. नाव झालं ते जेवण्यात. चाळीस वडे, वर दोन वाट्या खीर, आणि चेहऱ्यावर असं समाधान की घरातली म्हातारी माणसं डोळे पुसायची. "दत्तूगुरुजी जेवले म्हणजे आमचे अण्णा जेवले," असं लोक म्हणायचे.

या कौतुकाचं वजन एकशे अडतीस किलो झालं. गुडघे गेले, रक्तातली साखर चढली, झोपेत श्वास अडकायला लागला. वहिनी गेल्यापासून त्याला बोलणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी शाळेत एकोणतीस वर्षं गणित शिकवलं आहे, बोलायचं काम मला बरं जमतं. ज्येष्ठात त्याला धरून नेलं आणि पोट लहान करायचं ऑपरेशन करवलं. आत जाताना त्याने सर्जनना एकच प्रश्न विचारला, "काढलेला भाग परत जोडता येतो का हो?" सर्जन हसले. मला हसू आलं नाही, कारण तो का विचारतोय ते मला ठाऊक होतं. श्राद्धाला बसणारा ब्राह्मण सगळ्या अंगाने शाबूत हवा, अशी जुनी रीत आहे. पोटाचा पाऊण भाग काढलेला माणूस शाबूत धरायचा की नाही, ते आम्हाला कुठल्याच पोथीत सापडलं नाही. दत्तूने आपलं आपणच ठरवून टाकलं की नाही धरायचा. म्हणून गल्लीत हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं, आणि खरी गोष्ट आम्हा दोघांतच राहिली.

पुढच्या तीन महिन्यांत मात्र त्याने मला चकित केलं. हॉस्पिटलात आहाराचं बघणाऱ्या झेबा मॅडम मूळच्या मालेगावच्या, वयाने दत्तूच्या निम्म्या, पण जिभेने माझ्या तोडीच्या. त्यांनी एक छोटी स्टीलची वाटी त्याच्या हातात दिली. "गुरुजी, आता तुमचं ताट म्हणजे ही वाटी. आधी डाळ, पनीर. मग भाजी. जागा उरली तर भात. घास पंचवीस वेळा चावायचा, जेवायला अर्धा तास लावायचा, जेवताना पाणी नाही आणि गोड बंद. हे महिन्या-दोन महिन्यांचं नाही सांगत मी. कायमचं सांगतेय."

नियमाने वागणं दत्तूला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. ज्याने कधी संध्या चुकवली नाही, त्याने वाटीही चुकवली नाही. सकाळी आमच्या पंचवटीतल्या गंगेवर स्नान, मग रामकुंडापासून गाडगे महाराज पुलापर्यंत फेऱ्या. जेवताना मनात घास मोजायचा आणि ओठ हलायचे, बघणाऱ्याला वाटायचं जप चाललाय. एकतीस किलो उतरले. एके दिवशी तो खाली वाकून स्वतःच्या चपलेचा पट्टा नीट करताना दिसला आणि मला रडूच आलं. पंधरा वर्षांत तो वाकला नव्हता.

मग भाद्रपदाची पौर्णिमा झाली आणि पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात दत्तूला रोज एक घर, तेही वर्षानुवर्षांचं ठरलेलं.

"या वर्षी नाही म्हणून सांग," मी म्हटलं.

"आणि पुढच्या वर्षी? पोट काय पुन्हा उगवणार आहे?"

नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की पान कायमचं गेलं, आणि पान गेलं की दत्तूगुरुजी म्हणून जो कुणी आहे तोच गेला. हो म्हणावं तर तीन महिन्यांची कमाई पाण्यात. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने हो म्हटलं.

पहिले सहा दिवस कसेबसे निभावले. शेजारच्या पानावर दुसरा ब्राह्मण असला की हा त्याच्या आडोशाने एकच घास चघळत बसायचा. वडे भाताखाली जायचे. घरी येऊन गादीवर पडायचा, ते घामाघूम. "गुरुजी खंगले, पानात टाकायला लागले," अशी कुजबुज माझ्या कानावर यायला लागली.

सप्तमीला वत्सलाबाईंकडे जायचं होतं. ऐंशीच्या आहेत, हिरावाडीत एकट्या राहतात. मूलबाळ नाही, म्हणून नवऱ्याचं श्राद्ध पुतण्या किशोर येऊन करतो. बाईंचे हात कापतात, त्यामुळे गेली चार वर्षं तिथला स्वयंपाक मी करते. त्या घरी पान एकच असतं. आडोसा नाही.

श्राद्धाचं जेवण मौनात होतं, जेवणाऱ्याला "पुरे" असंही म्हणता येत नाही. त्यातून या घरी बावीस वर्षांचा एक खेळ चालत आला होता. खिरीचं भांडं घेऊन वत्सलाबाई स्वतः यायच्या, दत्तू पानावर हात आडवा धरायचा, त्या तो हात बाजूला सारून वाढायच्या आणि हा सगळी खीर संपवायचा. त्या दिवशीही त्याने हात आडवा धरला. खराखुरा धरला, आधी उजवा, मग डावासुद्धा. वत्सलाबाई हसल्या. "यंदा फारच आढेवेढे घेताय गुरुजी," म्हणाल्या आणि हात सारून पळीभर खीर वाढली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. "काकू, नको," एवढे दोन शब्द म्हणायचे होते. साठ पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी मी, त्याचं गुपित माझ्या तोंडून फुटू नये म्हणून स्वतःच गप्प बसले. मला याची अजून लाज वाटते. दत्तूने माझ्याकडे बघितलं, मग वत्सलाबाईंकडे बघितलं आणि खीर खाल्ली. त्यांनी दुसऱ्यांदा वाढली, तीही खाल्ली.

थोड्याच वेळात त्याचा चेहरा पांढराफटक पडला. कपाळावरचा घाम पानात ठिबकायला लागला. त्याला उठता येत नव्हतं. यजमानाने "तृप्त झालात ना?" विचारायचं आणि ब्राह्मणाने "तृप्त झालो" म्हणायचं, तोवर पाट सोडायचा नाही. ओकता तर मुळीच येत नव्हतं, कारण पितरांच्या ब्राह्मणाला उलटी झाली की श्राद्ध मोडतं, पुन्हा करावं लागतं. मांडीत नखं रुतवून माझा भाऊ नुसता गिळत होता. किशोर पोथीतलं पान शोधत होता, त्याला ते काही केल्या सापडत नव्हतं. शेवटी त्याने विचारलं. दत्तूने ओठांतल्या ओठांत उत्तर दिलं, भिंतीला धरून मोरीत गेला आणि नळ पूर्ण सोडला.

बाहेर येऊन त्याने आशीर्वाद दिला. वत्सलाबाई पाया पडल्या. आम्ही रिक्षात बसलो. रिक्षा पंचवटीतल्या मालेगाव स्टँडवर आली.

"मोडलं," तो म्हणाला. "त्यांचा माणूस उपाशी गेला, आशा. आणि मी आशीर्वाद देऊन आलो."

"कुणाला कळलंय?" मी म्हटलं. जन्मभर मुलांना खरं उत्तर लिहा म्हणून सांगणाऱ्या बाईंनी हे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेऱ्या झाल्यावर घरी न येता तो हिरावाडीची वाट चालायला लागला. मीही मागोमाग गेले. वत्सलाबाईंच्या दारात उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं. पोट, वाटी, मोरी.

"खीर मीच दोनदा वाढली," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही दोन्ही हात धरले होते."

"हो. श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला पुन्हा करून घ्या, काकू. चांगला ब्राह्मण मी बघून देतो."

"बघू," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

घरी येऊन त्याने उरलेल्या आठही घरांना फोन केले आणि खरं कारण सांगितलं. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. "जपा गुरुजी, पूर्ण बरे झालात की बघू," सगळे म्हणाले. बरा झालोय म्हणूनच बसता येत नाही, हे कुणाला कसं पटवायचं? बघता बघता आठही घरांनी दुसरे ब्राह्मण ठरवले.

पितृपक्षातल्या दुपारी दत्तू तीस वर्षांत कधी घरी नव्हता. आता तो बारा वाजता त्या वाटीसमोर बसायचा. शेजारच्या घरातून वडे तळल्याचा वास यायचा. एक घास पंचवीसपर्यंत मोजून गिळायचा आणि पुढचा उचलायचाच नाही. दशमीला नुसत्या दोन चमचे डाळीवर उठला. मी घाबरून झेबा मॅडमना फोन लावला. "आधी जास्त खाण्याची भीती होती, आता न खाण्याची," त्या म्हणाल्या. "असं चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल." मी दत्तूवर ओरडले, वाटी त्याच्या पुढ्यात आपटली.

"तुम्ही लोकांनी मला या वाटीत कोंडलंय, आशा," तो अगदी शांतपणे म्हणाला. "जीव वाचला हे खरं. पण त्या जिवाला आता काम काय?"

मी वाटी उचलून घासत बसले. ती स्वच्छच होती.

चतुर्दशीला किशोरचा फोन आला. "उद्या श्राद्ध आहे. काकू म्हणतात, बसायला गुरुजीच हवेत. आणि येताना तुमची वाटी घेऊन या."

दत्तू नाही म्हणाला. मग संध्याकाळी ती वाटी त्याने स्वतः पंच्यात बांधून ठेवलेली मला दिसली.

अमावास्येला स्वयंपाक मीच केला, पण खिरीला बाईंनी मला हात लावू दिला नाही. कापऱ्या हातांनी एकट्याच भांडं ढवळत होत्या. मोठ्या केळीच्या पानावर मधोमध दत्तूची वाटी ठेवली. तीत चमचाभर वरण, थोडी भाजी, चिमूटभर भात, आणि बाजूला अर्धा वडा. दत्तू मान खाली घालून जेवायला लागला. ओठ हलत होते. किशोर घड्याळाकडे न बघता बसून होता.

मग वत्सलाबाई खीर घेऊन आल्या. दत्तूचा हात आपसूक आडवा झाला. मी या वेळी तोंड उघडणार, एवढ्यात माझ्या लक्षात आलं की त्या हात सारतच नाहीयेत. नुसत्या उभ्या होत्या.

"ह्यांना शेवटच्या आजारात साखर फार होती, गुरुजी," त्या म्हणाल्या. "गेले त्या सकाळीही खीर मागितली. मी अशीच वाटी धरून उभी राहिले आणि दिली नाही. म्हणून इतकी वर्षं तुमचा हात सारत आले."

दत्तूने मान वर केली.

"ही बिनसाखरेची आहे. दोनच चमचे घ्या." त्यांनी पळी भांड्यात बुडवली. "डॉक्टरांनी साखर नको म्हटलं होतं हो. खीर कुठे नको म्हटली होती? अशी करून द्यायचं मला तेव्हा सुचलंच नाही."

बावीस वर्षांत पहिल्यांदा दत्तूने तो हात स्वतःहून बाजूला घेतला.