सळई वर हवी होती

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाच नीट कळत नाही.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. ताडकळसच्या पुढे एका खेड्यात शाळेचा पोर्च बांधायचा होता आणि देखरेखीला मी, नवाकोरा ज्युनिअर इंजिनिअर. पोर्चचे बीम भिंतीतून पुढे अधांतरी निघणारे. असा बीम वरच्या अंगाला ताणला जातो, म्हणून मुख्य सळई वर लागते — परीक्षेत मी हे झोपेतही लिहिलं असतं. पण सळयांचा नकाशा यायचा होता, आणि मला थांबायचं नव्हतं. हाताशी होता तो फक्त बेंडिंग मोमेंटचा डायग्राम, म्हणजे बीमला वाकवणारा जोर कुठे किती ते दाखवणारा आलेख, बीमच्या रेषेच्या वर काढलेला. कॉलेजात शिकवलेलं, की वर काढला म्हणजे बीमची खालची बाजू ताणली जाते. डिझाइन करणाऱ्यानं मात्र जिकडे ताण, तिकडेच डायग्राम काढला होता. कुणाला विचारता आलं नसतं का? आलं असतं. कमीपणा वाटला. पाठ असलेलं बाजूला ठेवून मी त्या कागदावर विसंबलो आणि सळई खाली घाला, असं ठणकावून सांगितलं.

संपत मिस्त्रीनं घातली. माझ्या शब्दावर त्याचा भारी विश्वास.

टेकू काढले तेव्हा खाली तोच उभा होता. पोर्च कोसळला, त्याचा हात मोडला.

मी डायग्राम पुन्हा पाहिला. चूक त्याच दिवशी कळली — हे लक्षात घ्या. चुकतो माणूस. पण नंतर? संपत बौद्ध होता. त्या वर्षी गावाला निमित्तच हवं होतं. त्यानं सिमेंट विकून खाल्लं, अशी बोलवा उठली. चौकशीला आलेल्या साहेबांनी मला विचारलं, सिमेंट कमी पडलं असेल का? मी म्हणालो, असू शकतं.

एवढंच बोललो. एवढं पुरलं. संपतचा हात पुढे बसला, पण त्याला कुणी कामावर बोलावेना. मला बढती मिळाली.

काही वर्षांनी तो पालमच्या एसटी स्टँडवर भेटला. मी तोंड चुकवणार होतो. तोच लगबगीनं जवळ आला.

"सायेब, चोरी न्हाई केली म्या. पर माल कालवतानी माझंच कायतरी चुकलं आसंल. माझ्यापायी तुमाला लय तरास झाला."

आजूबाजूला कुणी नव्हतं. माझी गाडीही लागली नव्हती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला — आणि त्याला माफ केलं.