बापानं दडवलेली पाच माणसं

इंग्रजीच्या सरांचा मला तेव्हा जेवढा राग होता तेवढाच आजही आहे. फरक एवढाच की आता त्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या एका पोरीचाही तितकाच राग येतो. मावशीच्या जुन्या लुगड्याचा परकर, तेलानं चपचपलेल्या दोन वेण्या आणि जगातलं खरंखोटं आपल्यालाच कळतं अशी ताठ मान. ती पोर म्हणजे मी.

दुष्काळाची वर्षं होती. आमची वस्ती पिशोरच्या अलीकडं, मेंढरांवर पोट असलेली. मी मास्तरीण व्हायला औरंगाबादेत शिकत होते (आताचं संभाजीनगर हो, तेव्हा औरंगाबादच म्हणायचे) आणि मावशीच्या पत्र्याच्या खोलीत राहत होते. खेडी शहराकडं लोटत होती. आमच्या पत्र्यांच्या मागं दर महिन्याला पत्र्यांची नवी ओळ उभी राहायची आणि नळावर नव्या शिव्या ऐकू यायच्या. बापानं येतानाच बजावलं होतं, "नापास झालीस की परत यायचं आन् मेंढरामागं चालायचं."

सरांचा लाडका प्रश्न एकच. लोकसंख्येचा तक्ता द्यायचा आणि त्याचं दीडशे शब्दांत इंग्रजी वर्णन लिहायला लावायचं. वाढली, झपाट्यानं वाढली, किंचित घटली, जैसे थे राहिली, या चार गोष्टींचं इंग्रजी त्यांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. "तक्ता सांगतो तेवढंच लिहायचं," ते म्हणायचे. "स्वतःची अक्कल घरी ठेवून यायचं." मग माझ्याकडं बघून, "काहींना तो त्रास नाही म्हणा." वर्ग खिदळायचा.

सराव परीक्षेत जो पास होईल त्याच्याच बोर्डाच्या फॉर्मवर सर सही करणार होते. त्या पेपरात त्यांनी आमच्याच भागाचा तक्ता टाकला. शहर वाढलेलं, खेडी घटलेली. खालून दुसऱ्या ओळीत आमचं गाव, तेही घटलेलं.

मला खानेसुमारीवाला आठवला. खांद्याला पिशवी लावून तो वस्तीवर आला होता. "घरात माणसं किती?" बाप म्हणाला, "असतील की सहा." आम्ही होतो अकरा. मी तर बापाच्या पाठीमागंच उभी होते. आमच्यात माणूस आणि मेंढरू पुरतं मोजत नाहीत आणि मोजलं तर सांगत नाहीत. पुरता आकडा तोंडातून गेला की नजर लागते, त्यातलं एखादं कमी होतं. वस्तीवरच्या प्रत्येक घरानं त्या दिवशी अशीच माणसं दडवली होती.

शहाण्या पोरीनं "किंचित घटली" लिहून पुढचा प्रश्न घेतला असता. मी लिहिलं, "धिस टेबल इज राँग. माय फादर टोल्ड सिक्स. वुई आर इलेव्हन. आय ॲम ऑल्सो नॉट इन टेबल." त्यावर न थांबता दडवलेले पाच कोण कोण तेही लिहिलं : आजी, चुलती, तिची दोन पोरं, मी. चुलतीचं धाकटं तान्हं होतं, त्याचं वयसुद्धा लिहिलं. पेपर देऊन बाहेर पडले तेव्हा मला वाटत होतं, आता सर वर्गात माझी माफी मागतील. एवढी मी हुशार.

सरांनी ते वर्गापुढं वाचून दाखवलं. प्रत्येक वाक्यानंतर थांबून, हसायला जागा ठेवून.

"उभी राहा. म्हणजे बाप खोटारडा?"

"खोटं नाय बोलला सर. पुरतं बोलला नाय."

"आणि बरोबर कोण? तू?"

"तुम्ही येऊन मोजा."

"तुमची मेंढरं मोजायचा पगार मला मिळत नाही. शून्य! शनिवारपर्यंत नीट लिहून आण, नाहीतर गावाची गाडी धर."

मी तीन दिवस फुगून बसले. मावशी भाकरी थापता थापता म्हणाली, "तक्ता काय तुझ्या सासरचा हाय? दे की लिहून."

"खरं ते खरं, मावशे."

"मग कालवणाला तेच घे. डाळ संपलीय."

शुक्रवारी बाप घोंगड्या विकायला शहरात आला. मला वाटलं, आता कॉलेजात जाऊन सरांच्या टेबलावर काठी आपटेल. मावशीनं सगळं सांगितलं. बाप उंबऱ्यावर बसला होता, तो हळूहळू उठला.

"किती लिहिलंस?"

"अकरा."

"सगळे?"

"व्हय. तान्हंबी."

"कागदावर? कवा?"

मी वार सांगितला. त्यानं बोटांवर हिशेब केला. "त्याच हप्त्यात सात मेंढरं बसली ती उठली नायत. तान्हं तापानं फणफणलंय."

"चाऱ्यावाचून बसली ती. पाण्यानं ताप आला असंल. असं कुठं असतंय का, अडाण्यासारखं!"

बापाला मी अडाणी म्हणाले, त्याच्याच घोंगड्यांच्या पैशावर शिकून. मावशीनं भाकरी थापायची थांबवली.

"बोचकं बांध," बाप म्हणाला. "आत्ता."

बोचकं नाही बांधलं. तिथंच फतकल मारून वही काढली आणि घोकलेलं सगळं इंग्रजी रागारागानं कागदावर ओतलं. शहर झपाट्यानं वाढलं. आमचं गाव घटलं. बाप वाकून बघत होता, त्याला अक्षर कळत नव्हतं.

"काय लिहितीस?"

"गावातली माणसं कमी करतीय."

"अकरा?"

"नाय लिहिले."

तो परत उंबऱ्यावर टेकला. "मग लिही. नीट लिही. पर तो आधीचा कागद मला पायजे."

शनिवारी तो कॉलेजच्या फाटकाशी उभा राहिला. मी आत जाऊन सरांना नवं वर्णन दिलं. "आता कशी माणसात आलीस," म्हणत त्यांनी फॉर्मवर सही केली. जुना पेपर मागितला तर म्हणाले, "फ्रेम करणार का?" आणि भिरकावला.

बापानं तो फाटकाशीच बिडीच्या काडीनं पेटवला, कोपरा न् कोपरा जळेपर्यंत हातात धरला आणि राख चपलेनं मातीत रगडली. मला चल म्हणाला नाही, राहा म्हणाला नाही. उरलेल्या घोंगड्या खांद्यावर टाकून स्टँडकडं चालू लागला.

मी शहरात राहिले. तान्ह्याचा ताप चार दिवसांनी उतरला आणि बाप मरेपर्यंत सांगत राहिला की कागद जाळला म्हणून उतरला. वर्षभर मी त्याच्याशी अबोला धरला. त्याचं माझ्या बोलण्यावाचून काही अडलं नाही.