अंतराळात यानं जुळली, तेव्हाची आमची मराठी

१९९५ चा जून संपत आला होता. मद्रासला, नुंगंबाक्कमच्या एका फ्लॅटमध्ये दोन मराठी बायका एकमेकींशी इंग्रजीत बोलत होत्या... त्यातली एक मी, दुसरी माझ्या सासूबाई.

लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. मी पुण्याची. सासर तंजावरी मराठी, म्हणजे काही शतकांपूर्वी दक्षिणेत येताना जी मराठी गाठोड्यात बांधून आणली तीच अजून वापरणारं, वर तमिळची फोडणी.

पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांसमोर मी सासूबाईंचं एक वाक्य ‘सुधारलं’. त्यांनी शांतपणे नातेवाइकांत जाहीर केलं, “पोरगी पुण्याची, पण मराठी येइना तिला.” तेव्हापासून ‘कॉफी रेडी’ आणि ‘थँक यू’, एवढाच व्यवहार. दोन देशांच्या दूतावासांतसुद्धा याहून जास्त जिव्हाळा असतो.

आषाढ लागत होता. नव्या सुनेने माहेरी जायचा महिना. मी आनंदाने बॅग भरत होते आणि मनात पक्कं केलं होतं, परत यायचं नाही. नवऱ्यानेच पुण्याला बदली मागून घ्यावी. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सासूबाईंना कळलं असावं... असल्या गोष्टींना भाषा लागत नाही.

त्या संध्याकाळी टीव्हीवर बातमी लागली. रशियन अंतराळस्थानकाला अमेरिकन शटल जोडलं गेलं होतं. मधलं दार उघडलं आणि दोन्हीकडची माणसं तरंगत तरंगत एकमेकांना मिठ्या मारायला लागली.

सासरे फिजिक्सचे निवृत्त मास्तर. ते खुर्चीत पुढे सरकले. “वीस वर्षांमागेंही हे भेटले होते वर. तेव्हां भाषेची अडचण. मग ठरलें, अमेरिकेचा रशियन बोलेल, रशियाचा इंग्लिश. परकी भाषा माणूस हळू बोलतो, तोलून. ऐकणाऱ्यास समजतें.”

मग आम्हा दोघींकडे न बघता म्हणाले, “अणुबाँब होते हो दोघांकडे. आमच्या घरीं तेवढें तरी नाही.”

 सासूबाई उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. शाळेत कविता म्हणायच्या आधी घेतात तसा श्वास घेतला... “सूनबाई, आपण... चहा... घेणार का?”

चहा! त्या घरात चहाची पावडरसुद्धा नव्हती. पण शब्दन्‌शब्द माझ्या पद्धतीचा, सावकाश, घाबरत.

माझ्या जिभेची सगळी धार गेली. चार महिने कानावर पडलेलं गोळा करून मी म्हटलं, “चहा नको, आई. तुम्ही करतां ती काफी पोदुम मला.” पोदुम म्हणजे पुरे. माझा उच्चार भयंकर होता. त्यांनी तो सुधारला नाही.

“सेरी, मा,” म्हणजे ‘बरं गं’, असं म्हणाल्या आणि दूध तापत ठेवलं. पाठ माझ्याकडे होती, पण हसत होत्या. खांद्यांवरून कळत होतं.

मग माहेरी गेले. जेवताना सासरच्या धाटणीचं एक वाक्य सहज तोंडातून गेलं, तर आई खो खो हसली. “हे कसलं गं मराठी?”

मी ताडकन म्हटलं, “आमच्याकडे असंच बोलतात!”

आमच्याकडे... आई माझ्याकडे बघत राहिली. मंगळागौर आटोपून मद्रासला परतले. बदलीचा विषय नवऱ्यापर्यंत कधी पोचलाच नाही.

ती मंडळी वर कुठले प्रयोग करत होती, मला आजही सांगता येणार नाही. खालचा एक मात्र यशस्वी झाला, आणि त्याबद्दल त्या अमेरिकनांची, रशियनांची आणि खुर्चीत पुढे सरकलेल्या एका मास्तरांची मी आभारी आहे.