डाग पाटीचा की पेशंटचा?

रुग्णालयाच्या एक्स-रे खोलीत सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला आकाशातलं काय कळणार, असं वेधशाळेत सगळ्यांनाच वाटायचं. घेतलं होतं तेच मुळी डाग पुसायला. अवकाशातल्या दुर्बिणीकडून एक्स-रे चित्रं यायची; त्यातले कॅमेऱ्याचे दोष शोधायचे, पुसायचे आणि खाली सही करायची. रुग्णालयात नवं यंत्र आलं, जुन्या माणसांना नारळ मिळाला, म्हणून बाई इथे. दर वर्षी नवा करार. प्रत्येक चित्रापाशी त्या पुटपुटायच्या, "डाग कुणाचा?" त्यावरून नाव पडलं डागबाई. "चालेल," त्या म्हणाल्या होत्या, "फक्त मावशी म्हणू नका."

त्या दिवशीचं चित्र एका क्वेसारचं होतं. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या पोटातलं अजस्र कृष्णविवर, आजूबाजूचं गिळताना झगमगणारं. याचा प्रकाश निघाला तेव्हा विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं होतं. मधोमध ठळक ठिपका, आणि शेजारी एका ओळीत अकरा बारीक ठिपके.

प्रमुखांनी उभ्या उभ्याच बघितलं. "कॅमेऱ्याची रेघ आहे. पुसा आणि सही करा. चारला पुढच्या निरीक्षणांची यादी जायची आहे."

पुसलं की क्वेसार यादीतून बाद. दुर्बीण पुन्हा तिकडे वळणार नाही, हे बाईंना ठाऊक होतं.

"सर, क्वेसारमधून सुटलेला झोत असेल तर?" शेजारच्या टेबलावरची तरुण संशोधिका म्हणाली.

"मग रेडिओ दुर्बिणीला का नाही दिसत?"

"सोनोग्राफीत दिसलं नाही म्हणून एक्स-रे फाडायचा का?" डागबाई बोलून गेल्या.

संशोधिकेला हसू आवरेना. तिनं बाईंना समजावलं, की तेव्हाचं विश्व लहान, आणि त्यात महास्फोटानंतरचा उजेड दाटीवाटीनं भरलेला. झोतातले इलेक्ट्रॉन त्या उजेडाला धडकले, की त्याचेच एक्स-रे होतात, आणि रेडिओत झोत फिका पडतो.

"कागदावर," प्रमुख म्हणाले. "बाई, तुमचा करार महिनाअखेर संपतोय ना?"

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी मुलीला फोन केला.

"आई, करून टाक ना सही! माझं नर्सिंगचं एक वर्ष राहिलंय. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

बाईंना भीती वाटली. पण रागही आला, आणि तो जास्त होता.

"नर्स होणार आहेस ना? मग ऐक. एकाच्या फुप्फुसावर डाग होता. डॉक्टरसाहेब म्हणाले एक्स-रेच्या पाटीचा आहे, मी गप्प बसले. सहा महिन्यांनी तो माणूस स्ट्रेचरवरून आला. पुन्हा नाही गप्प बसायची मी."

फोन ठेवून त्यांनी त्याच क्वेसारचं चार महिन्यांपूर्वीचं चित्र शोधून काढलं. तेव्हा दुर्बीण थोडी वळलेली होती. एक्स-रे खोलीतली जुनी युक्ती: पेशंटला वळवून, त्याच पाटीवर पुन्हा काढायचा. डाग जागचा हलला नाही तर पाटीचा. पेशंटबरोबर वळला तर पेशंटचा. कॅमेऱ्यातून आलेली मूळ चित्रं त्यांनी शेजारी शेजारी लावली. आजूबाजूचे तारे जेवढे वळले होते, तेवढीच ठिपक्यांची रेघही वळली होती.

चारला दहा मिनिटं असताना फॉर्मवरचा 'दोष' शब्द खोडून त्यांनी लिहिलं, "डाग पेशंटचा आहे." खाली पूर्ण सही ठोकली आणि फॉर्म परस्पर पाठवून दिला.

"पेशंट?" प्रमुख कडाडले. "इथे कोण पेशंट आहे?"

बाईंनी दोन्ही चित्रं पुढे केली. प्रमुखांनी ती पाहून टेबलावर टाकली आणि ते निघून गेले. करार झाला, पण वर्षाऐवजी सहाच महिन्यांचा. उघड उघड आकस होता तो.

पाच महिन्यांनी दुर्बिणीनं त्या क्वेसारकडे सलग तीन दिवस पाहिलं. सकाळी सगळे सभागृहात जमले. पडद्यावर झोत आला, आधीपेक्षा लांब, टोकाशी चमकदार गाठ असलेला. टाळ्या पडल्या.

"आपण तेव्हाच ओळखलं होतं," प्रमुख म्हणाले.

मागच्या रांगेतून डागबाई उठल्या. 

"आपण नाही, सर. तुम्ही पुसा म्हणालात. मी पुसलं नाही."

टाळ्या थांबल्या. बाई उभ्याच राहिल्या. करार संपायला एक महिना उरला होता.