पत्र्याची थरथर

आमच्या प्रयोगशाळेत आज एम.टेक.ची मुलं पातळ पत्र्याचं कंपन मोजत होती. पत्र्यावर पडलेलं ऊन छतावर पाण्यासारखं डुलत होतं. रेवतीने मेणाने इवलासा सेन्सर चिकटवला आणि ते डुलणं मंदावलं.

"सर, सेन्सरच्या वजनानेच थरथर बदलली. मग खरी कळणार कशी?"

"याहून हलका लावून बघ," मी म्हणालो आणि छताकडेच बघत राहिलो.

घरी सकाळी वडिलांच्या हातातल्या बशीतून उन्हाची तिरीप भिंतीवर अशीच डुलते. मी पुढे होऊन त्यांचा हात धरतो. हात लगेच स्थिर होतो.

"बघ, काही झालेलं नाही मला," अप्पा हसून म्हणतात.

याहून हलका हात मी कुठून आणू?